पंचांगातला पाऊस

शहादा तालुक्यातील लोणखेडा सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात येते. कापूस, ऊस, पपई घेणाऱ्या या भागात हवामानाचा अंदाज मोबाइलवर येतो. तरीही ‘यंदा मृगाचं वाहन काय?’ हा प्रश्न मागे पडलेला नाही. याला कोणी अंधश्रद्धा म्हणते, कोणी पूर्वजांचे विज्ञान. दोन्ही उत्तरे आळशी आहेत, कारण पंचांगात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पानावर छापल्या जातात.

पहिली गोष्ट नक्षत्रांची. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. सात-आठ जूनला मृग लागते, पुढे आर्द्रा, मग पुनर्वसूचा ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस, शेवटी हस्ताचा ‘हत्ती’. हे भाकीत नव्हे, कामाची दिनदर्शिका आहे. तिथी दरवर्षी मागेपुढे सरकते; सूर्यनक्षत्र फारसे सरकत नाही. ‘आर्द्रात पेरलं’ म्हटले की बापाचा अनुभव मुलाच्या शेताला जोडता येतो. ‘कालनिर्णय’ने १९७३पासून आणि त्याआधी सोलापूरच्या दाते पंचांगाने घरोघर जी जागा मिळवली, तिच्यामागे ही सोय मोठी आहे.

मात्र ही सोयही सनातन नाही. अयनचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जातो. वराहमिहिराच्या काळी मृग मेच्या मध्याच्या सुमारास लागत असे. आज मृग आणि पावसाची जी सांगड आपण अनादि समजतो, ती आपल्याच काही शतकांची आहे.

दुसरी गोष्ट वाहनांची. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकीवरून वाहन ठरवायचे. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर भरपूर पाऊस. घोडा आला तर डोंगराळ भागात. या गणितात वारा नाही, समुद्र नाही, गाव तर नाहीच. नवापूरला आणि शहाद्याला एकच बेडूक! बुलढाण्यातील भेंडवळची घटमांडणी निदान शेतातल्या मातीकडे पाहते, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल. बाकी तिचे भाकीतही तितकेच निराधार.

वाहनाला मान मिळतो तो शेजारच्या नक्षत्राच्या पुण्याईवर. नक्षत्र खरे ठरते कारण ते काहीच सांगत नाही, फक्त दिवस मोजते. त्या विश्वासावर वाहन खपून जाते. खानदेशात पाऊस बहुधा जूनच्या मध्यानंतर स्थिरावतो. मृगाला हत्ती पाहून कोरडवाहू कापूस टोचला आणि पुढे उघडीप पडली, की बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा शेतकऱ्याच्याच माथी. पंचांगाच्या नव्या आवृत्तीत त्याचा हिशेब नसतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला रुक्ष खरा, पण तो मोजता येतो.

मागल्या वर्षीच्या प्रत्येक वाहनापुढे त्या पंधरवड्यात महसूल मंडळात प्रत्यक्ष पडलेल्या पावसाचा एक रकाना छापायला पंचांगकर्त्यांना अडचण कोणती? आकडे उपलब्ध आहेत, आणि पानावर जागाही निघेल.