नेपथ्य, प्रवेश, सूत्रधार : तीन रंगसंज्ञांचा अर्थविचार

मराठी रंगभूमीची परिभाषा दोन भिन्न रंगपरंपरांतून आलेली आहे. ‘विंग’, ‘फ्लॅट’ यांसारखे शब्द इंग्रजीतून आले. त्यांच्या अर्थाविषयी सहसा संदेह पडत नाही. संदेह निर्माण होतो तो संस्कृतातून आलेल्या संज्ञांविषयी. त्यांचे रूप कायम राहिले. परंतु ज्या रंगमंचासाठी त्या घडल्या तो बदलला. हा बदल ध्यानात न घेतल्यास परिभाषा मुखोद्गत असूनही संहितेचे वाचन चुकते.

‘नेपथ्य’ ही संज्ञा या दृष्टीने उद्बोधक आहे. आज नेपथ्य म्हणजे रंगमंचावर उभारलेली दृश्यरचना. नाट्यशास्त्रात मात्र या शब्दाला दोन अंगे आहेत. पहिले स्थलवाचक. विकृष्ट-मध्यम नाट्यमंडप ६४ हात लांब व ३२ हात रुंद असावा. त्याचा पुढील अर्धा भाग प्रेक्षकांचा, आणि उरलेल्या अर्ध्यातील मागचा १६ हातांचा भाग नेपथ्यगृहाचा. दुसरे अंग आहार्य अभिनयाचे. त्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. यांपैकी पर्वत, रथ इत्यादींच्या प्रतिकृती म्हणजे पुस्त. आधुनिक अर्थाचा धागा जुळतो तो एवढ्यापुरताच. अलंकार व अंगरचना यांचे क्षेत्र आता वेशभूषा आणि रंगभूषा या संज्ञांकडे गेले आहे. म्हणजे अर्थाचा संकोच झाला. शिवाय जे स्थान प्रेक्षकांच्या दृष्टीआड होते, त्याचे नाव त्यांच्या दृष्टीसमोरील वस्तूला मिळाले.

हा केवळ कोशकाराचा प्रश्न नव्हे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या चौथ्या अंकाच्या आरंभी विष्कंभक आहे. सामान्यतः विष्कंभकाचे कार्य घडून गेलेल्या व घडणाऱ्या गोष्टींची सूचना देणे एवढेच. येथे मात्र दुर्वासाचा शाप, म्हणजे संपूर्ण कथानकाला वळण देणारी घटना, विष्कंभकातच घडते. आणि तीही नेपथ्यातून. दुर्वास प्रेक्षकांना दिसतच नाही. फुले वेचणाऱ्या दोन सख्यांच्या कानी त्याची वाणी पडते, आणि जिच्यावर शाप कोसळतो तिला तो ऐकूही जात नाही. ‘नेपथ्य’ हे अदृष्टाचे स्थान आहे हे ठाऊक असेल, तरच या योजनेतील नाट्य उमगते.

‘प्रवेश’ या संज्ञेची गतीही अशीच आहे. संस्कृत नाटकात प्रवेश होतो तो पात्राचा. मराठी नाटकात अंकाच्या विभागालाच प्रवेश म्हणतात. कालिदासाचा पहिला अंक मृगयेच्या रानातून आश्रमाच्या परिसरात जातो, पण तेथे विभाग पडत नाही. पात्राचे रंगपीठावरील परिक्रमण आणि नाट्यशास्त्रातील कक्ष्याविभागाचा संकेत यांतून स्थलांतर सूचित होते. महाल, रस्ता, जंगल यांचे रंगविलेले पडदे आले, तेव्हा स्थल बदलण्याचे कार्य नटाच्या पावलांकडून पडद्याकडे गेले, आणि ‘प्रवेश’ हा शब्द पात्रापासून सुटून स्थलाला चिकटला.

‘सूत्रधारा’च्या बाबतीत अर्थ उलट विस्तारला. ‘शाकुंतला’तील सूत्रधार प्रस्तावना संपताच निघून जातो. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या परंपरेतील सूत्रधार मात्र आख्यानाची पदे गात खेळाला अखेरपर्यंत आधार देतो; पात्रांची भाषणे त्या पदांच्या अनुरोधाने होतात. एकाच नावाखाली येथे दोन निराळी कार्ये वावरत आहेत.

यावरून जुने अर्थ पुन्हा रूढ करावेत असे निष्पन्न होत नाही. रूढीने दिलेला अर्थही तितकाच प्रमाण होय. मात्र अध्यापनात संज्ञेची व्याख्या तिच्या रंगमंचासह दिली गेली पाहिजे. अन्यथा कालिदासाच्या रंगसूचना विद्यार्थी एकोणिसाव्या शतकातील पडद्यांच्या रंगमंचावर वाचील, आणि त्या संहितेत मुळात नसलेली उणीव त्याला तेथे दिसू लागेल.