किंमत ऐकू येते तेव्हा

७ डिसेंबर १९३८ रोजी बीबीसीची माणसं लंडनला मेअर्सफील्ड गार्डन्समधल्या घरी गेली आणि त्यांनी सिग्मंड फ्रॉइड यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. जेमतेम दोन मिनिटांचं ते निवेदन आजही ऐकायला मिळतं. पहिल्यांदा ऐकताना आपण आशयामागे जातो. मज्जाविकारांचा डॉक्टर म्हणून केलेली सुरुवात, एका थोरल्या मित्राचा प्रभाव, नेणिवेविषयी हाती लागलेलं काही नवं आणि त्यातून उभं राहिलेलं मनोविश्लेषण. एवढ्या मोठ्या कामाचा हिशेब इतक्या कोरडेपणानं क्वचितच कुणी दिला असेल. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र आशय मागे पडतो आणि कान त्या तोंडाकडे लागतो.

त्या तोंडातला उजव्या बाजूचा वरचा जबडा केव्हाच गेलेला आहे. १९२३च्या एप्रिलमध्ये कर्करोगाची पहिली शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात हान्स पिख्लर यांनी जबड्याचा आणि टाळूचा मोठा भाग काढला. टाळू गेली की तोंड आणि नाक यांच्यात आडोसा उरत नाही. पाण्याचा घोट नाकावाटे बाहेर येतो. ‘प’, ‘ब’, ‘ट’, ‘ड’ म्हणायला हवा तोंडात कोंडावी लागते, तीच नाकातून निसटते. म्हणायचं असतं ‘पाणी’, ऐकू येतं ‘माणी’सारखं काहीतरी. हे भगदाड बुजवणाऱ्या, दातांसकटच्या कृत्रिम टाळूला डॉक्टर ऑब्ट्युरेटर म्हणतात. सैल बसली तर घास आणि शब्द दोन्ही निसटतात, घट्ट बसली तर आतून सोलून काढते. फ्रॉइड यांची टाळू इतकी अवजड होती की तिचं नाव पडलं ‘राक्षस’. ती काढता-घालताना मुलगी ॲनाची मदत लागे.

हे ठाऊक झालं की निवेदनातलं एक वाक्य वेगळंच ऐकू येतं. नवं काही हाती लागण्याच्या या सुदैवाची जबर किंमत मोजावी लागली, असं ते म्हणतात. रोख आहे तो त्यांचे सिद्धान्त झिडकारणाऱ्यांकडे. पण वाक्य येतं सावकाश, अडखळत, आणि किंमत त्या उच्चारातच ऐकू येते. पुढे झगडा अजून संपलेला नाही असं म्हणतात, तिथेही तेच. आजाराविषयी मात्र अवाक्षर नाही. हा दुहेरी अर्थ त्यांच्या मनात होता असं मी म्हणणार नाही. पण जीभ घसरली तर त्यातून मन वाचायला ज्यांनी जगाला शिकवलं, त्यांच्याच अडखळण्याचा अर्थ न लावता पुढे कसं जायचं?

शस्त्रक्रियेनंतर त्यांनी व्याख्यानं सोडली. १९३०मध्ये फ्रँकफर्टला ग्योथे पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांचं भाषण ॲनानं वाचलं. तरी पुढे त्यांनी नवी व्याख्यानं लिहिली, समोर श्रोते बसलेत असं समजून. ती कधी दिली गेली नाहीत. चारचौघांत जेवणं त्यांना नकोसं झालं. सिगार मात्र सुटली नाही, तिनंच घात केला हे कळत असूनही. हा हट्ट मला उमगत नाही, पण त्याच्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

आपल्याकडे तंबाखूमुळे आणि २०२१च्या म्युकरमायकोसिसच्या साथीनंतर जबडा गमावलेल्या कितीतरी जणांना याच अडचणी आहेत. पाणी नाकातून येतं का, फोनवरचं बोलणं समोरच्याला कळतं का, लग्नाच्या पंगतीला जाणं टाळता का? त्यांचं जगणं कसं चाललंय, हे अशाच प्रश्नांतून कळतं.

त्या निवेदनाच्या शेवटी फ्रॉइड इंग्रजी सोडून जर्मनवर येतात. जर्मन आक्रमणामुळे ब्याऐंशीव्या वर्षी व्हिएन्नातलं घर सोडून इंग्लंडला आलो आणि इथे स्वातंत्र्यात आयुष्य संपावं अशी आशा आहे, एवढंच सांगतात. वेदना थांबाव्यात, असं म्हणत नाहीत. तीसहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या या माणसानं १९३९च्या उन्हाळ्यापर्यंत रुग्ण पाहणं चालू ठेवलं. उजव्या कानानं नीट ऐकू येईना, म्हणून खुर्ची आणि कोच यांची जागा त्यांनी व्हिएन्नातच बदलून घेतली होती.