‘मागासलेले हिंदू’ की आदिवासी?

डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा आदिवासींवरील इंग्रजी ग्रंथ १९४३ साली पुण्यास प्रसिद्ध झाला. ‘तथाकथित’ हे विशेषण त्याच्या नावातच होते. या भूमीत प्रथम कोण आले हे ठरविणे दुष्कर आहे, आणि हे लोक वस्तुतः ‘मागासलेले हिंदू’ होत, असे त्यांचे प्रतिपादन. पहिले विधान आम्हांस मान्य आहे. मुंडारीचे नाते आग्नेय आशियातील भाषांशी, गोंडीचे तेलुगूशी, वारलीचे मराठीशी. तेव्हा सर्वांचे मूळ एक कसे मानावे? परंतु त्यावरून दुसरे विधान सिद्ध होत नाही. वारल्यांचे लग्न परंपरेने धवलेरी लावते. तेथे भटजी नसतो, पौरोहित्य स्त्रीकडे असते. यास मागासलेपणा म्हणावयाचे, तर माप कोणाचे? ते ग्रंथकाराने आपल्याच घरून आणले, हा ग्रंथाचा मुख्य दोष होय. घटनासमितीत जयपालसिंग मुंडा यांनी ‘आदिवासी’ याच शब्दाचा आग्रह धरला. १९५० च्या घटनेत मात्र ‘अनुसूचित जमाती’ आल्या. मूळ कोणतेही असो, आपले नाव सांगण्याचा अधिकार ज्याचा त्यासच असावा, असे आमचे मत आहे.