घरच्या इतिहासशिक्षणाचीं साधनें : खानदेशापुरता विचार

'साधन' हा शब्द आमच्या वाचकांस चांगला परिचयाचा आहे. कै. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून साधन म्हणजे अस्सल कागद हा अर्थ संशोधकांत रूढ झाला. शिक्षणाच्या व्यवहारांत मात्र साधन म्हणजे पाठ्यपुस्तक, नकाशा व प्रश्नसंच. मुलांस शाळेंत न घालतां घरींच शिकविणारीं कांहीं कुटुंबें हल्लीं महाराष्ट्रांत आहेत. या दोन अर्थांमधील अंतर त्यांच्या मार्गांत विशेष आड येतें. जळगांव व धुळें या जिल्ह्यांतील अशा घरानें इतिहास कशाच्या आधारें शिकवावा, याचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

घरीं इतिहास शिकविणें ही अपूर्व गोष्ट नव्हे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या पदरीं गो. स. सरदेसाई १८८९ सालीं राहिले व पुढें राजपुत्रांस शिकविण्याचें काम त्यांजकडे आलें. त्या अध्यापनाच्या टिपणांतूनच 'रियासत' ही ग्रंथमाला उदयास आली. शिकविणारा स्वतः शोधक असला म्हणजे घरच्या पाठांतूनही केवढें कार्य होतें, याचें हें ठळक उदाहरण होय. परंतु राजवाड्यास जो पंडित व जो ग्रंथसंग्रह लाभला, तो सामान्य गृहस्थास लाभत नाहीं. म्हणून त्याच्या हातीं जें पडतें, त्याचीच पारख केली पाहिजे.

पहिलें साधन पाठ्यपुस्तक. १९६७ सालीं स्थापन झालेल्या बालभारतीचीं पुस्तकें सुबोध व स्वस्त आहेत. त्यांतील चौथीच्या वर्गाचें शिवचरित्र तर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनीं वाचलें आहे. त्यांचा दोष एवढाच कीं, तीं निर्णय सांगतात, पुरावा दाखवीत नाहींत. शिवाय सबंध राज्यासाठीं लिहिलेल्या पुस्तकांत एका प्रांताचा तपशील मावावा कसा ? शाळेंत ही उणीव जाणता शिक्षक भरून काढूं शकतो. घरीं आईबापांनीं स्वतः तेंच पुस्तक वाचलेलें असतें.

दुसरें साधन १८८० सालचें खानदेशचें गॅझेटियर. पिकें, पेठा, किल्ले, देवळें यांची इतकी माहिती एकत्र देणारे ग्रंथ थोडेच. पण तो इंग्रजींत आहे आणि त्याची दृष्टि राज्य चालविणाराची आहे. भिल्लांची हकीकत त्यांत येते ती मुख्यत्वें बंदोबस्ताच्या अंगानें. १८२५ सालीं औट्रामकडे सोंपविलेली भिल्ल पलटण हें तिचें जणूं फलित. भिल्ल स्वतः त्यांत बोलत नाहीं. हें ध्यानांत ठेवून वाचल्यास ग्रंथ उपयोगी. विसरून वाचल्यास घातक.

तिसरें साधन खानदेशच्या भूमीवरच उभें आहे. चाळीसगांवाजवळील पाटणें येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं विद्वानांपुढें आणला. भास्कराचार्यांचा नातू व यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं येथें मठ स्थापिला, असें या लेखावरून कळतें. लेखाचा मुख्य भाग संस्कृत असून शेवटीं जुनी मराठी आहे. बारा वर्षांच्या मुलास याहून चांगला पाठ कोणता द्यावा ? भास्कराचार्य पाटण्यासच जन्मले, असें अभिमानानें सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. लेख सिद्ध करतो तो नातवाचा मठ; आजोबांचें जन्मस्थान नव्हे. पुरावा कोठपर्यंत नेतो व कोठें थांबतो, हें ज्यास एकदां कळलें, त्यास इतिहासाचें मर्म कळलें.

घरच्या शिक्षणास एक मोठा धोका आहे, तो येथेंच सांगितला पाहिजे. शाळेंत निरनिराळ्या घरांचीं व जातींचीं मुलें एका बाकावर बसतात व एकमेकांच्या फुशारकीस आपोआप आळा बसतो. घरांत वडिलांच्या मतास प्रतिपक्ष नसतो. घराण्याची सनद घराण्यानेंच वाचली, तर इतिहासाचा पोवाडा व्हावयास वेळ लागत नाहीं. यावर उपाय एकच : प्रत्येक विषयाला निदान दोन साक्षी. राजवाड्यांच्या पहिल्या खंडांत १७५० ते १७६१ या काळांतील पत्रें आहेत. त्यांतील एक पत्र आणि त्याच प्रसंगाचें भाऊसाहेबांच्या बखरींतील वर्णन मुलापुढें शेजारीं शेजारीं ठेवावें. प्रसंगाच्या वेळीं लिहिलेलें कोणतें व मागाहून रचलेलें कोणतें, हें त्यासच विचारावें.

आतां दोन शब्द संग्राहकांस. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले व त्यांच्या मागें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. त्या गांवाच्या आसमंतांतील मुलास मोडीचें एक अक्षर वाचतां येऊं नये, ही स्थिति भूषणावह नाहीं. शाळेच्या वेळापत्रकांत मोडीस जागा नाहीं. घरीं शिकणाऱ्या मुलापाशीं वेळ आहे. तेव्हां आमची सूचना अशी कीं, ज्यांच्यापाशीं रुमाल आहेत त्यांनीं लहान लहान पुस्तिका काढाव्या. एका पुस्तिकेंत एकच कागद असावा : त्याचें छायाचित्र, बालबोध लिप्यंतर, कठीण शब्दांचा अर्थ, तिथीवरून काढलेली इंग्रजी तारीख, आणि कागद कोणीं कोणास व कां लिहिला याचें टिपण. निष्कर्ष मात्र छापूं नये. तो मुलानें काढावा.

मुलें कागद फाडतील, ही भीति छायाचित्रानें दूर होते. कसर व ओल यांपासून कागद जपणें हें आमचें कर्तव्य खरेंच. पण जपलेला कागद उद्यां वाचणार कोण, याची तजवीज आज न केल्यास आमचे रुमाल सुरक्षित राहूनही मुके होतील.