डबिंगचे सोवळे

सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' हा जपानी ॲनिमेशनपट भारतात जपानीसोबत हिंदी, तमिळ, तेलुगूतही लागला आणि आमच्या रायपुरात नवे सोवळे-ओवळे सुरू झाले. हिंदीत पाहिला तो पोरकट. जपानी आवाज ऐकत खालच्या इंग्रजी ओळी वाचल्या तो जाणकार. पंडरीच्या कपडा मार्केटात गिऱ्हाइकाशी हिंदीत, हमालाशी छत्तीसगढीत आणि घरी मराठीत बोलणारा मुलगाही आता डबिंग म्हटले की नाक मुरडतो.

ज्या 'मूळ आवाजा'साठी हा खटाटोप, तो आहे तरी कुठे? जपानी ॲनिमेशनमध्ये बहुधा चित्रे आधी होतात. नट नंतर पडद्याकडे बघत संवाद म्हणतात. 'अकिरा'सारखे (१९८८) आधी आवाज घेऊन रेखाटलेले चित्रपट अपवाद. म्हणजे टोकियोतला नटही चित्राला बाहेरूनच आवाज देतो. त्यात तेझुकांच्या 'ॲस्ट्रो बॉय'पासून (१९६३) मालिकांमधली तोंडे काटकसरीची : उघडे, अर्धे, मिटलेले. हिंदी शब्द त्यात सहज मावतात. युगो साकोंच्या ॲनिमेटेड 'रामायणा'त तर मूळ शोधणाऱ्याची पंचाईतच होते. जपानी कुंचले, भारताचे राम मोहन सोबतीला, संवाद इंग्रजी आणि गाणी संस्कृत! तरी आपल्या पिढीचा त्यातला राम बोलतो अरुण गोविलांच्या आवाजात आणि रावण अमरीश पुरींच्या. जानेवारी २०२५ मध्ये तो नव्या हिंदी आवाजांत आला, तेव्हा आमच्या वयाच्या प्रेक्षकांची हळहळ त्या जुन्या डबसाठीच होती.

चांगला डब म्हणजे काय, हे दूरदर्शनच्या 'जंगल बुक'ने नव्वदीतच दाखवले. मालिका जपानी, पण नाना पाटेकरांचा शेरखान ऐकताना ते कुणाला आठवले? वाक्य मध्येच तोडायचे, शेवटचा शब्द दाताखाली धरायचा, धमकी हळू आवाजात द्यायची. डरकाळीची गरजच उरत नाही. २०१६ च्या 'जंगल बुक' चित्रपटाच्या हिंदी डबलाही शेरखानसाठी पुन्हा नानाच लागले. मेघना एरंडे यांचा निंजा हातोरी हे दुसरे उदाहरण. एका प्रौढ बाईने मुलाच्या गळ्यातून बोलायचे आणि तरी गोडगोड व्हायचे नाही, ही साधी करामत नव्हे.

पोस्टरवर नाव यावे म्हणून तारे बोलावून केलेले डब आणि प्रत्येक प्राण्याला टपोरी बनवणारे डब यांच्यावर शाई वाया घालवत नाही. अमेरिकनांचे पाप वेगळे : जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या 'किकी'चा डिस्नीने १९९८ मध्ये डब केला, तेव्हा शांत जागांत संगीत भरले आणि मांजराच्या तोंडी जादा विनोद घातले. शांततेची ही भीती डिस्नीची; तिचे खापर डबिंगवर कशाला?

उपशीर्षकांचे सोवळेकरी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. चित्रकाराने महिनोन् महिने घालवून पात्राची भुवई हलवली, आणि त्याच क्षणी यांची नजर पडद्याच्या तळाशी ओळ वाचते आहे. ओळही कसली, इंग्रजी! जपानी कळत नाही म्हणून इंग्रजीचा आधार, आणि मिरवायचे मात्र अस्सलपण. हा इंग्रजी माध्यमाचा तोरा आहे. जपानी कलेशी त्याचा संबंध नाही.

याच रायपूरच्या हबीब तन्वीरांनी 'नाचा' या छत्तीसगढी लोकनाट्याच्या कलावंतांना हिंदीच्या जोखडातून सोडवून छत्तीसगढीत बोलू दिले आणि त्यांचे रंगमंचावरचे अवघडलेपण गेले. पु. लं.नी शॉच्या फुलवालीला १९७५ मध्ये मराठी जीभ दिली, तेव्हा 'ती फुलराणी' बघताना कुणी मूळ इंग्रजी ऐकण्याचा हट्ट धरला नाही. परके आपलेसे करण्याची एवढी परंपरा असलेला मराठी समाज मियाझाकी मराठीतून का मागत नाही? आपली मुले हिंदीत शिनचॅन बघतात, मोठी होऊन इंग्रजी ओळींकडे वळतात, आणि मधल्या वाटेवर मराठी कुणालाच भेटत नाही. आपले उत्तम आवाज हिंदीला आणि आपले उत्तम रुसवे डबिंगला!

तेव्हा डब वाईट होता एवढे सांगून हात झटकू नका. संवाद कोणी लिहिले, कोणी म्हटले, लेखकाला दिवस किती मिळाले, हे विचारा. नाटकाच्या परीक्षणात आपण नटाचे नाव घेतो. डबिंगच्या नटाचेही घ्या. नाव घेतल्याशिवाय दर्जाचा जाब विचारता येत नाही.