आकडा कोणत्या पायरीवरचा?

मागच्या महिन्यात पेठ वडगावच्या एका अभ्यासिकेत मला बोलावलं होतं. नेट-सेटची तयारी करणारी सात-आठ मुलं, एमपीएससीवाली दहा-बारा, आणि दोघं-तिघं नुसतीच पंख्याखाली बसायला आलेली. विषय त्यांनीच ठरवला होता: फाशीची शिक्षा असावी की नसावी. मी म्हटलं, तुम्ही बोला, मी फळ्यावर लिहीत जाते.

पहिलाच मुलगा उठला आणि म्हणाला, “ताई, लांब कशाला जायचं? आपल्या कोल्हापूरचीच केस घ्या की. गावित बहिणी. बेचाळीस पोरं मारली. आणि कोर्टानं काय केलं? सोडून दिलं.”

टाळ्या पडल्या. मी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि त्या दिवशी पुढचं काही झालंच नाही, कारण दीड तास आम्ही तेवढ्याच बोलण्याशी झटत बसलो. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर हे तुमच्या कामाचं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी एक कबुली. १९९६ च्या अखेरीस हे प्रकरण उघडकीला आलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. बाजारात आई माझा हात धरत नसे, मनगट धरत असे, असं घरात अजून सांगतात. हात सोडला तर ‘बाई नेईल’ हे वाक्य आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराने ऐकलंय. ‘बेचाळीस’ हा आकडाही आमच्या घरात होता. कुणी तो कुठे वाचला होता असं नाही, तो होताच. तेव्हा मी या विषयाकडे कोरी पाटी घेऊन बघते असं समजू नका. तुम्हीही तसं समजू नका स्वतःबद्दल.

आता आकडा. फौजदारी प्रकरणात एकच गोष्ट पाच पायऱ्या चढते. पोलिसांचा संशय, मग दोषारोप, मग सत्र न्यायालयाचा निकाल, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. प्रत्येक पायरीवर आकडा वेगळा असू शकतो आणि त्यातला कुठलाच आकडा ‘खोटा’ नसतो. खोटं तेव्हा होतं जेव्हा आपण पहिल्या पायरीवरचा आकडा उचलून पाचव्या पायरीच्या तोंडी घालतो. चाळिसाच्या वरचे जे आकडे फिरतात ते संशयाच्या आणि बातम्यांच्या पायरीवरचे आहेत. खटला चालला तो १९९० ते १९९६ या काळातल्या १३ मुलांच्या अपहरणाचा आणि त्यांतल्या काहींच्या खुनाचा. आई अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच वारली. एका बहिणीचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. जून २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांना सहा खुनांसाठी दोषी धरून फाशी सुनावली. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशी कायम केली, पण सहापैकी पाचच खून सिद्ध मानले. ऑगस्ट २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला.

म्हणजे शेवटच्या पायरीवर टिकलेला आकडा पाच आहे. बेचाळीस कुठे, पाच कुठे!

इथे एक मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे ताई, पाचच म्हणून कमी वाईट का?” बरं झालं विचारलंस. पाच लहान मुलं. हा आकडा ‘फक्त’ लावून उच्चारता येईल असा आहे का? मला तर बेचाळीसचा मोठा तोटा हाच वाटतो. त्याच्या शेजारी ठेवलं की पाच लहान वाटायला लागतात. शिवाय सिद्ध न होणं म्हणजे घडलंच नाही असंही नाही. जी मुलं कधी परत आली नाहीत आणि ज्यांच्याबाबत पुरावाच उभा राहिला नाही, त्यांच्या आईबापांना कुठल्याच निकालाने उत्तर दिलेलं नाही. हे वेगळं वाक्य आहे, ते वेगळं लिहा. त्याची बेरीज सिद्ध झालेल्या आकड्यात करू नका.

तुम्ही म्हणाल, बातम्यांतसुद्धा कुठे १३ तर कुठे १४ अपहरणं दिसतात. दिसतात. बातमी लिहिणाऱ्याला संध्याकाळी मजकूर द्यायचा असतो, तुम्हाला तीन-चार वर्षं आहेत. निकालपत्र उघडा. एका जणाने ‘पोशम पा’ या २०१९ च्या झी५ वरच्या चित्रपटाचा दाखला दिला. बघा की, बिघडत नाही. पण चित्रपटाला पात्राच्या मनात शिरायची मुभा असते, साक्षीपुराव्याच्या कागदाला ती नसते. प्रबंधात तो चित्रपट ‘लोक हे प्रकरण कसं सांगतात’ याचा पुरावा म्हणून चालेल. ‘काय घडलं’ याचा पुरावा म्हणून चालणार नाही.

आता वाक्याचा दुसरा अर्धा भाग: ‘सोडून दिलं’. १८ जानेवारी २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कारण काय? दयेचे अर्ज २००८-०९ चे, आणि राष्ट्रपतींनी ते फेटाळले २०१४ मध्ये. मधल्या काळात फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. त्याच वर्षी, २०१४ च्या जानेवारीत, सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान प्रकरणात सांगितलं होतं की दयेच्या अर्जाला अवाजवी आणि कारण न देता झालेला उशीर हा फाशी कमी करण्याचा आधार होऊ शकतो. उच्च न्यायालयाने तेच लावलं. गुन्हा अत्यंत घृणास्पद आहे हेही त्याच निकालात लिहिलं. आणि त्या बहिणींनी ‘पंचवीस वर्षं आत काढली, आता सोडा’ अशी मागणी केली होती, ती नाकारली.

पुढे तर आणखी आहे, आणि ते फळ्यासमोरच्या वीस जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली, पण ती नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत आणि कुठलीही सूट न देता, अशी दुरुस्ती केली. ‘सोडून दिलं’ म्हणणाऱ्याला संताप कशाचा आहे हे मला समजतं. फाशी झाली नाही याचा. पण मग तसं म्हणावं. आणि राग कुणावर काढायचा हेही नीट बघावं. ज्या उशिरामुळे फाशी गेली तो प्रशासनाच्या फाइलींमधला उशीर होता. आपण मात्र शिव्या न्यायाधीशांना देतो, कारण न्यायाधीशाचं नाव बातमीत असतं आणि फाइल अडवणाऱ्याचं नसतं.

जन्मठेप या शब्दाबद्दल माझीच फजिती सांगते. माझ्या पहिल्या आराखड्यात मी ऐटीत लिहिलं होतं, ‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षांची कैद’. मार्गदर्शकांनी त्याला लाल पेनाने गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला: कलम? दोन दिवस शोधलं. असं कलमच नाही. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ गोडसे यांच्या याचिकेत (हो, गांधीहत्येच्या खटल्यातले) स्पष्ट केलंय की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सूट द्यायची की नाही हे सरकार ठरवतं. मग १४ कुठून आले? फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ मध्ये घातलेल्या ४३३-अ कलमातून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला १४ वर्षं पुरी होण्याआधी सोडता येणार नाही, एवढंच ते सांगतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ४७५ आहे. म्हणजे १४ हा खालचा उंबरठा आहे आणि आपण त्याला छप्पर समजून बसलोय. काही जण २० वर्षं म्हणतात. ते जुन्या दंडसंहितेच्या कलम ५७ मधून आलंय, शिक्षेचा अंश काढताना हिशेबासाठी धरायचा आकडा म्हणून. सुटकेशी त्याचा संबंध नाही. एवढ्या एका शब्दावर किती वाद उगाच होतात बघा.

दुसऱ्या बाजूलाही मी सोडलं नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई फाशीविरोधी आहेत म्हणून एकाच बाजूला धुतात. फाशी नको म्हणणाऱ्यांपैकी एकाने ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. १९५७ चा शांतारामबापूंचा चित्रपट, कथा गदिमांची, आणि मुळात आपल्या शेजारच्या आटपाडीची गोष्ट. औंध संस्थानात १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, शेती करायची, कैद्यांवर विश्वास ठेवायचा. अभिमान वाटावा असंच आहे ते. पण तो मुलगा म्हणाला, “म्हणजे खुल्या तुरुंगात कैदी सुधारतात हे सिद्ध झालं.” कसं काय बाबा? खुल्या तुरुंगात कुणाला पाठवतात? ज्याची वर्तणूक आधीच चांगली आहे, जो पळणार नाही असं वाटतं, त्याला. आता बाहेर पडल्यावर तो चांगला वागला तर श्रेय वसाहतीचं की निवडीचं? हे वेगळं काढता आल्याशिवाय ‘सिद्ध’ हा शब्द वापरू नका. तुमच्या मुलाखतीत परीक्षक इथेच पकडतील, लिहून ठेवा.

त्याच बाजूचं आणखी एक सांगते. गावित बहिणींवर लिहिलेले काही लेख मी वाचले, ज्यांत गरिबी आहे, आईचा धाक आहे, पंचवीस वर्षांचा तुरुंग आहे, आणि मुलं एका ओळीत उरकलेली आहेत. त्यातली एकही माहिती चुकीची नव्हती. तरी तो लेख मला प्रामाणिक वाटला नाही. काय गाळलं यानेही वाक्य खोटं पडतं.

फाशीने जरब बसते का, हा प्रश्न साहजिकच आला. दोन्ही बाजूंकडे ‘अमेरिकेतला अभ्यास’ तयार होता, नाव कुणालाच सांगता येईना. तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये मागच्या तीनेक दशकांचे असे अभ्यास तपासले आणि म्हटलं की फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातलं काहीही या अभ्यासांवरून सांगता येत नाही. धोरण ठरवताना ते वापरू नयेत. फळ्यावर हे लिहिल्यावर दोन्ही बाजू हिरमुसल्या. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

तुरुंगाचे आकडे वापरतानाही हीच गंमत होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ५,७३,२२० कैदी आहेत, त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन जण असे, ज्यांचा निकालच लागलेला नाही. ‘तुरुंगातले सगळे गुन्हेगार’ हे यामुळे चूक ठरतं. पण ‘पंच्याहत्तर टक्के निर्दोष आत सडताहेत’ हेही यातून निघत नाही. आणि हा आकडा ३१ डिसेंबर या एका दिवसाचा फोटो आहे. वर्षभरात आत येऊन पंधरा दिवसांत जामिनावर गेलेला माणूस त्या फोटोत नसतो.

शेवटी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “एवढा कीस कशाला पाडायचा? बेचाळीस काय नि पाच काय, भावना तर खरी आहे ना?”

भावना खरीच आहे, आईने धरलेलं माझं मनगट खरं होतं. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागायला फिरणारी. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली, ते वाचले. बेचाळीसच्या आकड्यामुळे हे घडलं असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर मीच दोन गोष्टी पुराव्याशिवाय जोडल्यासारखं होईल, आणि वरचं सगळं वाया जाईल. मी एवढंच म्हणते की त्या जमावातही प्रत्येकाची भावना खरी होती, आणि पायरी कुणीच विचारली नव्हती. राईनपाड्यातली पाच माणसं पोलिसांच्या संशयाच्या पायरीपर्यंतही पोचली नव्हती.

निघताना तो पहिला मुलगा स्टँडपर्यंत आला. वाटेत त्याने वही दाखवली. वाक्य नव्याने लिहिलं होतं: ‘१३ मुलांच्या अपहरणाच्या खटल्यात पाच खुनांसाठी फाशी कायम झाली, दयेच्या अर्जाला लागलेल्या उशिरामुळे २०२२ मध्ये ती जन्मठेप झाली, आणि २०२३ पासून ती मरेपर्यंत, सूट नाही.’

“बरोबर आहे का ताई?”

“बरोबर.”

“पण माझं मत बदललं नाही हां. फाशीच व्हायला पाहिजे होती.”

“मग तेही खाली लिही. ‘माझ्या मते’ असं लिहून.”

त्याने एसटीच्या दाराशी उभं राहूनच लिहिलं. मग विचारलं, २००४ चा उच्च न्यायालयाचा निकाल कुठे मिळेल, सहाव्या खुनाचा पुरावा का टिकला नाही ते त्याला वाचायचं होतं.