‘ओरल’ आणि ‘व्हर्बल’

‘ओरल’ आणि ‘व्हर्बल’ हे दोन इंग्रजी शब्द आपल्याकडे इतके बेधडक एकमेकांच्या जागी योजले जातात की, त्यांत काही भेद आहे हेच पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. साहेबाने कागदावाचून दिलेला हुकूम ‘व्हर्बल’, विद्यार्थ्याची परीक्षा ‘ओरल’. मराठीत दोहोंना ‘तोंडी’ म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः पहिला शब्द लॅटिनमधील मुखवाचक शब्दापासून निघाला आहे, तर दुसरा शब्दवाचक शब्दापासून. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी हा भेद समजाविणे अवघड नाही. फलाटावरची घोषणा ओरल आणि व्हर्बल अशी दोन्ही आहे. ड्रायव्हरच्या हाती दिलेला लेखी हुकूम केवळ व्हर्बल. आणि सिग्नलचा लाल दिवा दोहोंपैकी एकही नव्हे. आता खुद्द इंग्रजही ‘व्हर्बल’ हा शब्द कित्येक शतके तोंडी या अर्थाने वापरीत आले आहेत. तेव्हा तो प्रयोग अशुद्ध ठरविण्याचा खटाटोप आम्ही करीत नाही. भेद पुसल्याने काय गमावते, एवढेच पाहावयाचे आहे.

1872 च्या पुराव्याच्या कायद्यात सर्वसाधारण साक्षीस ‘ओरल’ म्हटले होते. परंतु मृताच्या विधानांविषयीच्या 32 व्या कलमात ‘लेखी किंवा व्हर्बल’ अशी शब्दयोजना होती. 1885 साली अलाहाबादच्या हायकोर्टापुढे असा प्रसंग आला की, गळा चिरला गेल्यामुळे वाचा गेलेल्या एका स्त्रीने मरणापूर्वी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे हाताच्या खुणांनी दिली होती. प्रश्नातले शब्द आणि त्यांस जोडलेली खूण मिळून ते ‘व्हर्बल’ विधानच होते, असे कोर्टाने ठरविले. कलमात ‘ओरल’ शब्द असता तर त्या अभागिनीची साक्ष तिच्याबरोबरच संपती! तो कायदा 1 जुलै 2024 पासून गेला, पण अशा विधानास आपण अजूनही ‘मृत्युपूर्व जबानी’च म्हणतो, आणि जबान म्हणजे तर जीभ.

या भेदाची खरी गरज आम्हांस भासते ती बहिणाबाई चौधरींविषयी लिहिले जाते तेव्हा. बहिणाबाई 1880 साली आसोद्यास जन्मल्या व 1951 साली वारल्या. त्यांस लिहिता येत नव्हते. त्यांच्या तोंडची गाणी घरच्यांनी टिपून ठेविली आणि 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, ती पुस्तकरूपाने निघाली. तेव्हापासून ‘मौखिक काव्य’ हे बिरूद त्यांस चिकटले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि त्यात किंचित कृपादृष्टीचाही वास येतो. जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायका महाराष्ट्रात घरोघर होत्या. त्या साऱ्याच ‘ओरल’. बहिणाबाईंचे वेगळेपण मुखात नसून शब्दांत आहे. शेतातल्या व चुलीपाशीच्या नित्याच्या वस्तूला नेमका शब्द शोधावा, त्याशेजारी दुसरा असा ठेवावा की दोघांचेही अर्थ उजळावे, हे निव्वळ ‘व्हर्बल’ कर्तृत्व होय. पाटीपेन्सिल हाती न धरलेल्या बाईस ते साधले, याचे नवल करण्यातच टीकाकारांची शाई फार खर्ची पडते. ते कसे साधले याचा विचार थोड्यांनीच केला.

उलट पक्षी, छापताना जे हरवले ते खरोखरच ‘ओरल’ आहे, आणि त्याची दखल कोणी फारशी घेत नाही. गाणे जात्याच्या फेऱ्याशी बांधलेले असते. पानावर फेरा नाही, श्वासाची जागाही नाही. शिवाय लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘काळा’चा ‘काया’ झालेला पाहून पुण्याचा वाचक क्षणभर देहाचा विचार करू लागतो व टीप शोधतो. भुसावळ, यावल, रावेरकडच्या लेवा घरातील म्हातारीस ते कोणी वाचून दाखवावे. तिला अर्थ विचारावा लागत नाही, आणि वाचणाऱ्याचा उच्चार चुकला तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करते.